लाखाला चौदाशे: पाच वर्षांसाठी दरमहा थोडे पैसे टाकायचे तर

आमच्या वाड्यात खालच्या खोल्यांत राहणाऱ्या वहिनी एप्रिलमध्ये एका दुपारी वही घेऊन वर आल्या. वाडा वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, यजमान मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत नोकरीला, हातात पगार २८,००० रुपये. "काकू, धाकटी जूनमध्ये आठवीत जाईल. बारावीनंतर कॉलेजात घालायला एकदम पैसे लागतील, ते कुठून आणू? महिन्याला थोडे थोडे टाकले तर जमेल? आणि टाकू कुठे? सगळे म्हणतात एसआयपी कर." एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम टाकणं.

मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात पंचवीस वर्षं काढली. असे प्रश्न मला अनेक घरांतून येतात आणि बहुतेक वेळा शेवटचं वाक्य आधी विचारलं जातं: टाकू कुठे? वहिनींना मी म्हटलं, बसा, आधी आकडा काढू. जे त्यांच्याबरोबर बसून केलं तेच इथे मांडते. तीन ते सात वर्षांनी लागणारे पैसे, दरमहा ५०० ते ६,००० रुपयांची ताकद, एवढ्यापुरतंच हे आहे. म्हातारपणासाठी पंचवीस वर्षांची गुंतवणूक करायची असेल तर तिचं गणित निराळं.

आधी आकडा आणि तारीख

"मुलीच्या शिक्षणासाठी" एवढं पुरेसं नाही. किती आणि कोणत्या महिन्यात, हे वहीत लिहा. वहिनींनी चौकशी केली होती. प्रवेश, पहिल्या वर्षाची फी आणि लॅपटॉप मिळून आजच्या भावाने ३ लाख. पाच वर्षांत हा खर्च दरसाल ६ टक्क्यांनी वाढला तर ३ लाखांचे ४ लाख होतात. म्हणून वहीत ४ लाख लिहायचे. इथे बहुतेकांची चूक होते. ते आजचा भाव धरून बचत करतात आणि शेवटी एक लाख कमी पडतात.

आता हप्ता. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीला, म्हणजे आरडीला, ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के दर लागला. सरकार दर तिमाहीला दरांचा आढावा घेतं, त्यामुळे उघडायच्या दिवशीचा दर बघून घ्या. एकदा खातं उघडलं की तोच दर पाचही वर्षं राहतो. या दराने महिन्याला १,००० रुपये भरले तर ६० हप्त्यांनंतर सुमारे ७१,३६६ रुपये हातात येतात. हेच उलटं करा: पाच वर्षांनी १ लाख हवे असतील तर महिन्याला १,४०० भरावे लागतात. लाखाला चौदाशे, एवढं डोक्यात ठेवलं की कॅलक्युलेटर लागत नाही. बँकेत साडेसहा टक्के धरून तीन वर्षांत लाख हवे असतील तर साधारण २,५०० पडतात. सात वर्षं हाताशी असतील आणि दर ६.७ च्या आसपास राहिला तर साडेनऊशेच्या आत भागतं.

वहिनींचे ४ लाख म्हणजे चौदाशे गुणिले चार, ५,६०० रुपये. आकडा ऐकून त्यांचा चेहरा उतरला. घरभाडं, किराणा, सासूबाईंची औषधं आणि दोन मुलांच्या शाळा सांभाळून ३,५०० च्या वर जात नाही म्हणाल्या. अशा वेळी पुष्कळजण वही मिटतात, किंवा जास्त व्याज देणारं काहीतरी शोधायला निघतात. वहिनीही तेच म्हणाल्या: "म्हणूनच एसआयपी विचारते ना. तिथे वाढतं म्हणतात."

व्याजाच्या टक्क्यांनी किती फरक पडतो

या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. तुम्हीही घालवा.

एकदम ३ लाख ठेवले तर ते सगळेच्या सगळे पाच वर्षं कामाला असतात. मासिक हप्त्याचं तसं नाही. पहिला हप्ता साठ महिने कामाला असतो, शेवटचा फक्त एक महिना. सरासरी काढली तर तुमचा प्रत्येक रुपया अडीच वर्षंच गुंतलेला असतो, आणि अडीच वर्षांत दोन-तीन टक्के जास्त मिळून फार काही होत नाही.

आकड्यांत बघा. महिन्याला ५,६०० भरून ६.७ टक्क्यांनी ३,९९,६५० होतात. समजा कुठूनतरी अगदी नेमाने, एकही वाईट वर्ष न येता १० टक्के मिळाले, तर होतील सुमारे ४,३२,०००. फरक बत्तीस हजारांचा. आता त्याच आरडीत महिन्याला ५०० रुपये जास्त भरा. पाच वर्षांनी त्या ५०० चेच ३५,६८३ होतात. म्हणजे साध्या पोस्टात महिन्याला पाचशे जास्त टाकणं हे सव्वातीन टक्के जादा परतावा मिळवण्याहून थोडं वरचढच ठरतं, आणि त्यात जोखीम नाही.

वहिनींना हे दोनदा करून दाखवावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. मध्यम मुदतीच्या छोट्या बचतीत हप्ता वाढवता येणं आणि तो मध्येच न मोडणं या दोनच गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

मग ३,५०० चं काय? पोस्टात ३,५०० ची आरडी आता उघडायची, तिचे पाच वर्षांनी साधारण २,४९,८०० होतील. पुढच्या एप्रिलमध्ये पगारवाढ झाली की बँकेत १,००० ची चार वर्षांची दुसरी आरडी. त्यापुढच्या एप्रिलमध्ये १,००० ची तीन वर्षांची, मग दोन वर्षांची, शेवटी एका वर्षाची. सगळ्या एकाच सुमाराला संपतात. बँकेचे दर साडेसहाच्या आसपास धरले तर चारही मिळून १,३२,००० च्या पुढे जातात. एकूण सुमारे ३,८२,०००. उरलेले अठरा हजार पाच दिवाळ्यांच्या बोनसमधून उभे राहतात. एकदम ५,६०० न काढता आल्याने वही मिटून टाकली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

सुरू करण्याआधी दोन कामं

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा. तिथे महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात. एका हाताने ते भरायचं आणि दुसऱ्या हाताने ६.७ टक्के वर्षाला मिळवायचं, यात घराचं नुकसान आहे.

दुसरं, निदान एका महिन्याचा घरखर्च बचत खात्यात वेगळा असू द्या, हळूहळू तो तीन महिन्यांवर न्या. आरडी मोडायची वेळ येते ती बहुधा दवाखाना किंवा सुटलेली नोकरी यांमुळे. त्याशिवाय आपल्याकडे दोन ठरलेले अडचणीचे काळ असतात: जूनमधल्या शाळेच्या फिया, आणि गणपतीपासून नवरात्र-दिवाळीपर्यंतचा सलग खर्च. वडोदऱ्यात नवरात्राच्या नऊ रात्री, मुलांचे गरब्याचे पास आणि चणियाचोळी यांतच एक हप्ता निघून जातो. त्यासाठी दोन हप्त्यांइतकी रक्कम कायम खात्यात पडून असू द्या.

पोस्टाची आरडी नीट कशी उघडायची

रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टात किंवा जवळच्या कुठल्याही पोस्टात जा. आधार, पॅन, फोटो आणि पहिला हप्ता बरोबर न्या. कमीत कमी १०० रुपये, पुढे दहाच्या पटीत, वरची मर्यादा नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. खरा फायदा-तोटा पुढच्या बारकाव्यांत आहे.

खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर दर महिन्याचा हप्ता १५ तारखेच्या आत भरावा लागतो. १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुभा मिळते. ज्यांचा पगार सात तारखेला होतो त्यांनी पहिल्या पंधरवड्यात उघडावं, म्हणजे पैसे इकडेतिकडे जाण्याआधी भरले जातात. ज्यांचा छोटा धंदा आहे, उधारी महिनाअखेरीला वसूल होते, त्यांनी १६ नंतरच उघडावं. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड. लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात मी लोकांचे पैसे गेलेले पाहिले आहेत. तीन वर्षांनंतर आरडी मुदतीआधी बंद करता येते. पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केली, तरी ६.७ ऐवजी बचत खात्याचा ४ टक्के दर लागतो, आणि तो सगळ्या काळाला लागतो. म्हणून खातं उघडायचा महिना पैसे लागायच्या महिन्यावरून उलटा मोजून ठरवा. कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत होतात. जुलैत उघडलेली आरडी जुलैत संपते आणि फीची तारीख जूनमध्ये येऊन बसते. वहिनींना मी एप्रिलमध्येच उघडायला लावली ती याचसाठी. दोन महिने मोकळे राहतात.

दुसरी सवय: ३,५०० चं एक खातं न उघडता १,५००, १,००० आणि १,००० अशी तीन उघडा. व्याज तेच. मध्येच गरज पडली तर एकच मोडायचं, बाकीच्या दोघांचं व्याज शाबूत राहतं. खरं तर मोडण्याआधी कर्जाचा विचार करा. बारा हप्ते भरून वर्ष झालं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने. म्हणजे ८.७ टक्के. सोनाराकडे किंवा ओळखीत हात पसरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बोनस हातात आला असेल तर हप्ते आगाऊ भरता येतात. सहा हप्ते एकदम भरले तर मासिक हप्त्याच्या दर १०० रुपयांमागे १० रुपये सूट, बारा भरले तर ४० रुपये. १,००० च्या खात्यात वर्षाचे बारा हजार एकदम भरले तर ४०० रुपये वाचतात, आणि वर्षभर तारीख चुकायची धास्ती राहत नाही.

घरी येऊन हप्ता नेणाऱ्या महिला एजंट अजूनही जुन्या पेठांमध्ये आहेत. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडे अशाच एक मावशी येत. त्यांचं कमिशन सरकार देतं, आपण वेगळं काही द्यायचं नाही. पैसे दिले की कार्डावर तिथल्या तिथे नोंद आणि सही घ्या, आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः पोस्टात जाऊन पासबुकात नोंदी झाल्यात का ते बघा. माणूस कितीही विश्वासाचा असला तरी हे करायचं. त्यात त्यांचाही अपमान नाही, चांगल्या एजंट स्वतःच तसं सांगतात.

बँक, सहकारी बँक, पतसंस्था, भिशी

बँकेच्या आरडीत मुदत हवी तशी निवडता येते, म्हणून ती वर सांगितलेल्या चढत्या हप्त्यांना सोयीची. खात्यातून आपोआप हप्ता जातो. वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं तर बँक कर कापते, पण इतक्या छोट्या रकमेत ती वेळ येत नाही. आरडीच्या हप्त्यावर आयकरात ८०सी ची सवलत मिळते असं बरेचजण धरून चालतात. मिळत नाही, पोस्टातही नाही आणि बँकेतही नाही.

आपलं शहर बचतीच्या बाबतीत जुनं आहे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे १८८९ मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी काढली, ती देशातल्या सगळ्यात आधीच्या सहकारी पतसंस्थांमध्ये गणली जाते. महाराज सयाजीरावांनी २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा सुरू केली. त्यामुळे सहकाराबद्दल आपल्या घरांत आपुलकी आहे आणि ती मलाही आहे. पण पैसे ठेवण्याआधी एक प्रश्न विचाराच: इथल्या ठेवीला ठेव विमा आहे का? बँकेत, मग ती सहकारी असली तरी, एका माणसाच्या त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून मुद्दल-व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. तिथे एक-दीड टक्का जास्त मिळतो तो याच जोखमीपायी. मुलीच्या फीचे पैसे तिथे ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भिशी बायकांना एकत्र आणते, तिचं ते सुख मोठं आहे. चार महिन्यांच्या खरेदीसाठी ठीक. पाच वर्षांच्या कामासाठी नको, कारण एकीने हप्ते थांबवले तर वसुलीचा कागद कुणाकडेच नसतो.

विमा पॉलिसी आरडी म्हणून दिली जाते तेव्हा

२०११ मध्ये मी एका बँकेच्या शाखेत पाच वर्षांची आरडी उघडायला गेले होते. खिडकीतल्या माणसाने टेबलाशी बसवलं, पाणी दिलं, म्हणाला, "आरडीपेक्षा चांगलं आहे, पाच वर्षं भरा, पैसे दुप्पट." वर्षाला २५,००० होते. तिसऱ्या वर्षी कागद नीट वाचले तेव्हा कळलं की ती पंधरा वर्षांची विमा पॉलिसी होती. बंद केली तेव्हा भरलेल्या ७५,००० तले निम्मेसुद्धा हातात आले नाहीत. त्या पैशांत आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं, ते भावाकडून उसने घेऊन केलं.

म्हणून सांगते, सही करण्याआधी कागदावर "प्रीमियम", "पॉलिसी", "विमाधारक" यांपैकी एक शब्द जरी दिसला तरी थांबा. ती आरडी नाही. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मग एसआयपी कुणी करावी

एसआयपीवर माझा राग नाही. माझी स्वतःची बारा वर्षं चालू आहे. प्रश्न एवढाच विचारायचा: पैसे लागायची तारीख पुढे ढकलता येते का? कॉलेजची फी ढकलता येत नाही. घराचा वरचा मजला, स्कूटरऐवजी गाडी, चारधाम, हे एक-दोन वर्षं थांबू शकतं. तारीख पक्की असेल तर शेअर बाजारातला फंड नको. तारीख लवचीक असेल आणि हाताशी सहा-सात वर्षं असतील, तर हप्त्याचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा, तिथे जाऊ द्या.

का ते सांगते. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला टेकलेला सेन्सेक्स, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, ऑक्टोबरमध्ये साडेआठ हजारांवर आला, आणि पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० मध्ये जानेवारीत ४२,००० च्या आसपास होता, २३ मार्चला २५,९८१ वर बंद झाला. ज्याला थांबता आलं त्याचं दोन्ही वेळा भरून निघालं. ज्याची फी एप्रिल २०२० मध्ये भरायची होती त्याचं नाही.

वहिनींसाठी मी हेही मांडून दाखवलं. ५,६०० पैकी ४,००० आरडीत आणि १,६०० निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी या निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात. पाच वर्षं ११ टक्के मिळाले तर एकूण सुमारे ४,१२,०००, म्हणजे नुसत्या आरडीपेक्षा बारा हजार जास्त. पण शेवटच्या वर्षी बाजार पडला आणि फंडातली रक्कम भरलेल्या ९६,००० पेक्षा ३० टक्क्यांनी खाली आली, तर हातात सुमारे ३,५२,६००, म्हणजे सत्तेचाळीस हजार कमी. "मग नको," वहिनी म्हणाल्या. तारीख पक्की असताना मीही तेच म्हणेन.

ज्यांना करायची आहे त्यांनी इंडेक्स फंड घ्यावा, थेट म्हणजे डायरेक्ट प्लॅन निवडावा, त्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. पाचशेपासून सुरू होते, काही फंडांत शंभरपासूनही. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर बँक दंड घेते, आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले की एसआयपी बंद होते. पुष्कळ फंडांत वर्षाच्या आत काढलं तर १ टक्का कापतात, आणि हे वर्ष प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजतात. शेअरच्या फंडात वर्षावर ठेवलेल्या हप्त्यांचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वर गेला तरच १२.५ टक्के कर लागतो.

काम जवळ आलं की शेवटच्या दीड वर्षात फंडातले पैसे थोडे थोडे काढून बँकेच्या मुदत ठेवीत आणा. दर तिमाहीला सहावा हिस्सा. बाजार चढत असेल तेव्हा हे करवत नाही, म्हणून त्या तारखा आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

उघडल्यावर विसरू नये असं

प्रत्येक खात्याला वारसाचं नाव लावा. सगळी खाती, त्यांच्या तारखा आणि रकमा एका पानावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. दर एप्रिलमध्ये पगारवाढीच्या आठवड्यात बसून पुढची आरडी उघडा. ते "पुढच्या महिन्यात" वर गेलं की दिवाळीपर्यंत राहतं.

मुदत संपल्यावर पैसे लगेच नको असतील तर पोस्टाची आरडी पुढचे हप्ते न भरता पाच वर्षांपर्यंत तशीच ठेवता येते. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला जुनाच दर मिळतो, मधल्या अपुऱ्या महिन्यांना बचत खात्याचा.

वहिनी त्या शनिवारी रावपुऱ्याला गेल्या. तीन पासबुकं घेऊन आल्या, दोन खात्यांना वारस लावला होता, तिसऱ्यावर रकाना कोरा राहिला होता. सोमवारी सकाळी परत गेल्या, रांगेत उभ्या राहून तो भरून आणला, आणि मग तिन्ही पासबुकं देवघराखालच्या स्टीलच्या डब्यात ठेवली.